आंत्रविषाणू

तोंडावाटे शरीरात शिरणाऱ्या, आतड्यात (काही बाबतींत पुढे यकृतात वा चेतासंस्थेत) वाढणाऱ्या आणि विष्ठेवाटे बाहेर पडणाऱ्या विषाणूंचा गट. पोलिओ, रोटा, नोरो, ॲस्ट्रो, हिपॅटायटिस-ए आणि हिपॅटायटिस-ई (हे शेवटचे दोन काविळीचे) हे त्यांतील प्रमुख. गट संसर्गाच्या वाटेवरून पाडलेला आहे, कुळावरून नव्हे. म्हणून ही संज्ञा ‘एंटेरोव्हायरस’ या प्रजातीपुरती वापरणे टाळावे. रोटा किंवा हिपॅटायटिस-ई त्या प्रजातीत मोडत नाहीत.

पेशींतर्गत जीवाणूंशी यांचे साम्य वरवरचे आहे. विषमज्वराचा किंवा क्षयाचा जीवाणू महाभक्षी (जंतू गिळणाऱ्या) पेशीत दडून राहतो, पण प्रथिने बनवणारे रायबोसोम त्याचे स्वतःचे असतात. विषाणूला ते पेशीकडूनच घ्यावे लागतात. कृत्रिम माध्यमावर वाढ होते की नाही, ही कसोटी पाठ्यपुस्तकांत सांगतात, पण ती काटेकोर नाही. कुष्ठरोगाचा जीवाणू, जीवाणू असूनही, अशा माध्यमावर अद्याप वाढलेला नाही.

हिपॅटायटिस-ई चा इतिहास वादाचा आहे. गर्भवतींचे मृत्यू अधिक असलेल्या जुन्या साथींच्या वर्णनांवरून काही अभ्यासक त्याचा आरंभ जर्मनीतील ल्यूडेनशाइड येथील १७९४ च्या साथीपर्यंत मागे नेतात. हा लक्षणांवरून केलेला तर्क आहे. ज्या साथीचे सीरमचे (रक्तातील द्रवाचे) नमुने पुढे तपासता आले, ती १९५५–५६ ची दिल्लीची साथ हीच आरंभीची भरवशाची नोंद धरणे अधिक सयुक्तिक वाटते. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपशापर्यंत पोहोचले. क्लोरीन वाढवण्यात आले. विषमज्वर व आमांश वाढले नाहीत, कावीळ मात्र सुमारे २९,००० जणांना झाली. जीवाणू मेले, विषाणू तगले, हा या साथीचा खरा धडा. तो फार उशिरा वाचला गेला. साथ दीर्घकाळ हिपॅटायटिस-ए ची मानली जाई. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत, जीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधक होते, तसे नसल्याचे दिसले. त्याच वर्षी काश्मीरचे डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून हाच निष्कर्ष मांडला. १९८३ मध्ये सोव्हिएत विषाणुतज्ज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून विषाणूकण दाखवले. जनुकीय ओळख १९९० मध्ये पटली.

कृष्णाकाठी हा विषय पाण्याच्या नळाशी येऊन ठेपतो. सांगलीत शहरातून वाहणाऱ्या शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न जुना आहे आणि शहराला पिण्याचे पाणीही कृष्णेचेच. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी, गटार आणि नळ यांतील अंतर कुठे कुठे उरलेच नाही. गावपातळीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनने पाण्यातील क्लोरीन पाहण्याची चाचणी) घेतली जाते. प्रयोगशाळेत कोलिफॉर्म (विष्ठेच्या दूषितीकरणाची खूण मानले जाणारे) जीवाणू मोजतात. दोन्ही तपासण्या आवश्यक आहेत, पण कोलिफॉर्म न आढळणे म्हणजे विषाणू नसणे, असे होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये उर्वरित मुक्त (शुद्धीकरणानंतर पाण्यात उरलेला) क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितले आहे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५ मिलिग्रॅम. ओटी टेस्टचा पिवळा रंग पाहताना हा फरक सहज निसटतो.

दुसरी अडचण पाणी ठरावीक वेळीच सुटण्याची. नळ बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचे गटारपाणी आत ओढले जाते. पहिली काही भांडी गढूळ येतात ती यामुळेही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, तेव्हा चर्चा मुख्यतः पाणीबचतीची झाली. वाहिनी सतत भरलेली राहते, हा त्या योजनेचा आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग होय.

उपचार बहुतांशी लक्षणांनुसार. अतिसारात मीठ-साखर-पाणी व जस्त, गर्भवतीच्या काविळीत तातडीने रुग्णालय. पोलिओ व रोटा यांच्या लसी राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत.