भूक कशी आहे, हा पहिला प्रश्न

आयुर्वेदाचा परिचय बहुधा वात, पित्त आणि कफ या त्रिदोषांपासून करून दिला जातो. माझ्या मते मात्र हे शास्त्र अग्नीच्या कल्पनेवरून अधिक सहज समजते. आहार पचवून त्यापासून रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू क्रमाने घडवणारी शक्ती म्हणजे अग्नी. ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’, म्हणजे अग्नी मंदावल्यानेच सारे रोग होतात, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त म्हटले आहे. वातामुळे अग्नी विषम होतो, म्हणजे कधी कडकडून भूक लागते, तर कधी अन्नावर वासनाच राहत नाही. पित्ताने तो तीक्ष्ण होतो, कफाने मंद, आणि अर्धवट पचलेल्या अन्नातून निर्माण होणारा ‘आम’ अनेक व्याधींचे मूळ मानला जातो. म्हणूनच सांधेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसालाही वैद्य भूक, झोप आणि मलप्रवृत्ती यांविषयी बारकाईने विचारतो, आणि एकच आजार असलेल्या दोघांना त्यांच्या प्रकृतीनुसार वेगवेगळे औषध देऊ शकतो.

दोष ही रक्तातील साखरेसारखी मोजता येणारी द्रव्ये नाहीत. शरीरातील घडामोडींची संगती लावण्याची ती एक चौकट आहे, आणि तिच्यावर आधुनिक शरीरक्रियाशास्त्रातील नावे ओढूनताणून चिकटवली, तर दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

औषधांची परीक्षा मात्र करता येते आणि ती झालीच पाहिजे. सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली शोधनिबंधातून मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ते जगभर वापरलेही गेले. परंतु पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या. वनस्पतीपासून मिळालेले औषध निरुपद्रवीच असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पारा, शिसे यांसारखे धातू वापरून केलेल्या रसौषधींबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. त्याच्या विषबाधेची पोटदुखी, थकवा, रक्तक्षय ही लक्षणे इतर कितीतरी आजारांतही दिसत असल्यामुळे, रुग्णाने आपण घेत असलेल्या औषधाचा उल्लेख केला नाही, तर डॉक्टरांना खरे कारण सापडणे अवघड जाते.