योनिमार्गाचा जीवाणुदोष व प्रतिजैविकरोध

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जीवाणू आम्ल तयार करून इतर जंतूंना थोपवून धरतात. त्यांची संख्या घटून ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जीवाणूंची गर्दी झाली, म्हणजे जी विकृती होते तिला योनिमार्गाचा जीवाणुदोष (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) म्हणतात. ग्रामीण विदर्भात ‘अंगावरून पांढरं जाते’ असे जे सांगितले जाते, त्यात हा दोष, बुरशी आणि ट्रायकोमोनास (एकपेशी परजीवी) हे तिन्ही मिसळलेले असतात.

दोषाच्या कारणाविषयी दीर्घकाळ वाद आहे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ डोडरलाइन यांनी 1892 मध्ये आम्लकारी जीवाणूंचे वर्णन केले. 1955 मध्ये गार्डनर व ड्यूक्स या अमेरिकी संशोधकांनी ‘हीमोफिलस व्हजायनॅलिस’ हा एकच जंतू दोषी ठरवला. तथापि त्यांच्याच प्रयोगात (आजच्या नीतिनियमांत तो बसणार नाही) शुद्ध जंतू दिलेल्या 13 स्त्रियांपैकी एकीलाच विकार झाला, तर रुग्णाचा स्राव जसाच्या तसा दिलेल्या 15 पैकी 11 जणींना झाला. जंतूचे नाव 1963 मध्ये कोरिनेबॅक्टेरियम वंशात गेले आणि 1980 मध्ये गार्डनरेला असे स्थिरावले; कारण मात्र स्थिरावले नाही. अनेक जंतूंनी मिळून योनीच्या अस्तरावर धरलेला चिकट थर (बायोफिल्म) हेच मूळ, हे 2005 नंतर बळावलेले मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रतिजैविकरोधाचा, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देण्याचा, प्रश्न या थराशीच निगडित आहे. मेट्रोनिडाझोल हे या दोषावरचे नेहमीचे प्रतिजैविक जंतूच्या पेशीत शिरून तेथे सक्रिय झाल्यावरच मारक ठरते. थराच्या तळाशी असलेल्या जंतूंपर्यंत ते पुरेसे पोचत नाही, आणि फॅनिहेसिया व्हजायनी या सोबती जंतूचे काही प्रकार त्याला मुळातच दाद देत नाहीत. त्यामुळे 7 दिवसांच्या पूर्ण उपचारानंतरही वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांत दोष उलटतो. अशा प्रत्येक पुनरावृत्तीला औषधरोध म्हणणे घाईचे ठरेल.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांच्या 650 स्त्रियांची राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, त्यांतील निम्मे जंतुसंसर्गाचे होते. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. न सांगता सोसण्याची ही रीत उपचारातही उतरते: दुकानदार स्ट्रिप कापून मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या देतो, स्रावाचा वास थांबला की उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात. वास्तविक हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याची मनाई आहे.

सरकारी आरोग्य केंद्रांत लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत असून, योनिस्रावासाठी हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल (मेट्रोनिडाझोलच्याच गटातील प्रतिजैविक) 2 ग्रॅम व फ्लुकोनाझोल (बुरशीवरचे औषध) 150 मिलिग्रॅम असते. यात जंतूची ओळख न पटताच प्रतिजैविक पोटात जाते. वास्तविक 1983 मध्ये मांडलेल्या, या दोषाच्या निदानाच्या अ‍ॅम्सेल निकषांना लागते थोडेच: आम्लता मोजण्याचा कागद, 10 टक्के कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब (त्याने माशासारखा वास उसळतो) आणि काचपट्टीखाली जंतूंनी माखलेल्या पेशी पाहण्यापुरता सूक्ष्मदर्शक. स्राव पातळ व एकसारखा असणे हा चौथा निकष. चारांपैकी तीन जुळले की निदान होते.

पुनरावृत्तीत जोडीदाराचाही वाटा असावा, असे 2025 मधील ऑस्ट्रेलियातील चाचणीवरून दिसते. पुरुषालाही औषध दिलेल्या जोडप्यांत 12 आठवड्यांत 35 टक्के, तर केवळ स्त्रीला दिलेल्यांत 63 टक्के स्त्रियांत दोष उलटला.