बुंडेस्टागसाठी थेट उमेदवारी: बर्लिनच्या फ्रीड्रिक्सहाइन-क्रॉयत्सबेर्ग मतदारसंघाच्या उदाहरणाने पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

जर्मन नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला जर्मनीच्या संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, निवडणूक लढवता येते का, आणि येत असेल तर अर्ज कोणाकडे, कधी आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, याची ही माहिती आहे. देशात एकूण २९९ मतदारसंघ असून अर्जाचे नियम सर्वत्र सारखेच आहेत. येथे बर्लिनचा ‘फ्रीड्रिक्सहाइन-क्रॉयत्सबेर्ग – प्रेन्त्सलाउअर बेर्ग पूर्व’ हा मतदारसंघ मुद्दाम घेतला आहे, कारण त्याची सीमा कशी आखली गेली हे समजले की अर्जातली सर्वांत अवघड अट का अवघड आहे तेही कळते.

शीतयुद्धाच्या काळात क्रॉयत्सबेर्ग पश्चिम बर्लिनमध्ये होते आणि फ्रीड्रिक्सहाइन पूर्व बर्लिनमध्ये. दोहोंमध्ये श्प्रे नदी आणि भिंत होती. पश्चिम बर्लिनच्या मतदारांना बुंडेस्टागसाठी थेट मत देण्याचा अधिकारच नव्हता. दोस्त राष्ट्रांनी राखून ठेवलेल्या अधिकारांमुळे तेथील २२ प्रतिनिधी शहराचे विधिमंडळ निवडून पाठवत असे आणि त्यांना सभागृहात पूर्ण मताधिकार नसे. २ डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत हे चित्र बदलले. तेव्हा क्रॉयत्सबेर्ग हे शोनेबेर्गबरोबर एका मतदारसंघात होते, फ्रीड्रिक्सहाइन लिश्टेनबेर्गबरोबर, तर प्रेन्त्सलाउअर बेर्ग मिट्टेबरोबर. १९९४ मध्ये यांपैकी पूर्वेकडच्या दोन्ही जागा पीडीएस या पक्षाने जिंकल्या. मिट्टे – प्रेन्त्सलाउअर बेर्गमधून लेखक श्टेफान हाइम निवडून आले होते.

२००२ च्या निवडणुकीआधी देशातील मतदारसंघ ३२८ वरून २९९ करण्यात आले आणि बर्लिनच्या वाट्याला १३ ऐवजी १२ आले. त्याआधीच, २००१ च्या आरंभी, फ्रीड्रिक्सहाइन आणि क्रॉयत्सबेर्ग हे दोन जिल्हे प्रशासकीयदृष्ट्या एक झाले होते. त्या एकत्रित जिल्ह्याला प्रेन्त्सलाउअर बेर्गचा पूर्वेकडील भाग जोडून आजचा मतदारसंघ तयार झाला. म्हणजे एकेकाळी भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी माणसे आता एकाच मतपत्रिकेवर खूण करू लागली. ही गोष्ट नोंदवताना मला आजही मनापासून बरे वाटते. पहिल्याच निवडणुकीत हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले ३१.६ टक्के मते घेऊन विजयी झाले. ग्रीन पक्षाने मतदारसंघातून थेट जिंकलेली ही देशातील पहिली जागा होती. मतदार एक मत मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे मत पक्षाच्या राज्यातील उमेदवार-यादीला देतो. पक्षाच्या बर्लिनच्या यादीत त्यांना निवडून येण्याजोगे स्थान मिळाले नव्हते, त्यामुळे त्यांची सारी मदार मतदारसंघातील उमेदवारी अर्जावर होती. पुढे २००५, २००९ आणि २०१३ मध्येही तेच जिंकले. २०१७ व २०२१ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या जनान बायराम आणि २०२५ मध्ये डी लिंके पक्षाचे पास्काल मायझर निवडून आले. मतदारसंघाचा क्रमांक मात्र स्थिर नाही. २०२१ मध्ये तो ८३ होता. त्यानंतर सॅक्सनी-आनहाल्ट राज्याचा एक मतदारसंघ कमी झाल्याने क्रमांक सरकले आणि २०२५ मध्ये तो ८२ झाला. म्हणून अर्जावर नाव आणि क्रमांक लिहिताना जुन्या कागदावरून उतरवून घेऊ नये. निवडणूक कायद्याच्या त्या वेळच्या परिशिष्टात मतदारसंघाचे जे वर्णन असेल तेच प्रमाण मानावे.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत. उमेदवार मतदानाच्या दिवशी जर्मन नागरिक असावा आणि त्याचे वय १८ वर्षे पूर्ण झालेले असावे. नागरिकत्व मिळून किती वर्षे झाली याची अट नाही, आणि उमेदवाराने त्याच मतदारसंघात राहायला हवे असेही नाही. म्युनिकमध्ये राहणाऱ्यालाही क्रॉयत्सबेर्गमधून उभे राहता येते. न्यायालयाने ज्याचा निवडून येण्याचा हक्क काढून घेतला आहे, किंवा गंभीर गुन्ह्यासाठी किमान एक वर्षाची शिक्षा झाल्याने ज्याचा हा हक्क ठरावीक काळापुरता गेला आहे, अशी व्यक्ती अपात्र ठरते. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) किंवा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना पुरेसा नाही. २७ जून २०२४ पासून जर्मनी मूळचे नागरिकत्व सोडण्याची अट घालत नाही. पण भारतीय कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर घेतलेले ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे ते जर्मन उमेदवारीच्या आड येत नाही.

उमेदवारीचे दोन मार्ग आहेत. पक्षातर्फे उभे राहायचे असेल तर त्या मतदारसंघातील पक्षसदस्यांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेत गुप्त मतदानाने निवड व्हावी लागते. वरिष्ठ नेत्यांनी परस्पर नाव ठरवून चालत नाही. उमेदवार दुसऱ्या पक्षाचा सदस्य नसावा. ही सभा संसदेचा कार्यकाळ सुरू झाल्यापासून ३२ महिने उलटण्याआधी घेता येत नाही. सध्याच्या संसदेची पहिली बैठक २५ मार्च २०२५ रोजी झाली, त्यामुळे मुदतपूर्व निवडणूक न झाल्यास नोव्हेंबर २०२७ च्या अखेरीआधी अशी सभा होऊ शकणार नाही. दुसरा मार्ग अपक्षाचा आहे. त्यात सभेची गरज नाही, परंतु मतपत्रिकेवर ओळख म्हणून छापण्यासाठी एक खूणशब्द द्यावा लागतो.

अर्ज मतदारसंघाच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात द्यायचा असतो. त्यात उमेदवाराचे पूर्ण नाव, व्यवसाय, जन्मतारीख, जन्मस्थान आणि पत्ता असतो. एका अर्जावर एकच नाव चालते आणि एका व्यक्तीला एकाच मतदारसंघातून उभे राहता येते. अर्जासोबत उमेदवाराचे लेखी संमतिपत्र लागते, जे एकदा दिल्यावर मागे घेता येत नाही. राहत्या ठिकाणच्या महापालिकेचा किंवा ग्रामपालिकेचा निवडणूक पात्रतेचा दाखलाही लागतो. तो विनामूल्य मिळतो. पक्षाच्या उमेदवाराने यांखेरीज निवड-सभेचे इतिवृत्त जोडायचे, ज्यात सभेचे ठिकाण, वेळ, निमंत्रणाची पद्धत, उपस्थितांची संख्या आणि मतदानाचा निकाल असतो. शिवाय मतदान गुप्त झाले याबद्दल सभाध्यक्ष आणि दोन उपस्थित यांचे शपथपूर्वक निवेदन असते. अर्जात एक विश्वस्त व्यक्ती आणि तिचा पर्यायी प्रतिनिधी यांची नावे द्यावीत, कारण निवडणूक अधिकारी पुढचा सारा व्यवहार त्यांच्याशी करतो. स्कॅन करून ईमेलने पाठवलेल्या सह्या ग्राह्य धरल्या जात नाहीत. हाताने सही केलेली मूळ प्रत मुदतीच्या आत पोहोचली पाहिजे.

अनामत रक्कम हा प्रकार येथे नाही. तिच्या जागी सह्या आहेत, आणि अर्जाची खरी कसोटी तेथेच लागते. अपक्षाला, तसेच मागील निवडणुकीपासून बुंडेस्टागमध्ये किंवा एखाद्या राज्याच्या विधिमंडळात किमान पाच प्रतिनिधी सलग नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, त्या मतदारसंघातील २०० मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. अपक्षाच्या बाबतीत यांपैकी तिघांनी मूळ अर्जावरच सही करायची असते. २०२१ मध्ये महामारीमुळे ही संख्या चौथाईवर, म्हणजे ५० वर आणली होती. २०२५ मध्ये ती पुन्हा २०० होती.

सह्यांचे छापील नमुने निवडणूक अधिकारी उमेदवाराच्या नावासह विनामूल्य देतो. प्रत्येक मतदार स्वतंत्र कागदावर आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता लिहून सही करतो, आणि मग निवडणूक कार्यालय रहिवासी नोंदणीशी पडताळून तो या मतदारसंघाचा मतदार असल्याचे त्याच कागदावर प्रमाणित करते. आता फ्रीड्रिक्सहाइनमधील बॉक्सहागेनर प्लाट्सच्या आठवडी बाजारात कोणी सह्या गोळा करत आहे असे समजा. भाजी घ्यायला आलेली माणसे आपुलकीने सही करतील, पण त्यांतली एखादी लिश्टेनबेर्गला राहणारी असेल आणि तिची सही बाद होईल. प्रेन्त्सलाउअर बेर्गच्या रहिवाशाबाबत तर नुसता भाग विचारून भागत नाही. पूर्वेकडचा असेल तर सही चालते, पश्चिमेकडचा असेल तर तो शेजारच्या पांको मतदारसंघाचा मतदार ठरतो. दोघांचाही प्रशासकीय जिल्हा पांको हाच असल्याने त्यांना स्वतःलाही हा फरक अनेकदा ठाऊक नसतो. म्हणून सही घेण्याआधी घराचा नेमका पत्ता विचारावा आणि मतदारसंघाचा नकाशा हाताशी ठेवावा. एका मतदाराला एकाच अर्जाला पाठिंबा देता येतो. पक्षाच्या उमेदवारासाठी निवड-सभेच्या आधी घेतलेल्या सह्या अवैध असतात. माझ्या मते २०० चे उद्दिष्ट ठेवणाऱ्याने २५० तरी कागद जमवावेत.

नियमित निवडणुकीत अर्जाची अंतिम मुदत मतदानापूर्वीच्या ६९ व्या दिवशी सायंकाळी ६ वाजता संपते. ज्या पक्षांना सह्या लागतात त्यांनी निवडणूक लढवण्याचा इरादा संघीय निवडणूक अधिकाऱ्याला ९७ व्या दिवसापर्यंत कळवायचा असतो. संसद मुदतीआधी विसर्जित झाल्यास हे दिवस कमी होतात: २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीसाठी अर्ज २० जानेवारीपर्यंत द्यायचे होते, आणि सह्यांसाठी नव्या पक्षांच्या व अपक्षांच्या हाती फारच थोडे आठवडे उरले होते.

अर्ज येताच अधिकारी तो तपासतो आणि त्रुटी आढळल्यास विश्वस्त व्यक्तीला कळवतो. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळची वाट न पाहता कागद काही आठवडे आधी द्यावेत. मुदत संपल्यावर केवळ मूळतः वैध अर्जातील किरकोळ दोष दुरुस्त करता येतात. संमतिपत्र नसेल किंवा प्रमाणित सह्या कमी पडल्या असतील तर अर्ज वाचत नाही. अपवाद एवढाच की सहीचा दाखला उमेदवाराचा दोष नसताना वेळेत मिळाला नसेल तर तो नंतर देता येतो. मतदारसंघाची निवडणूक समिती ५८ व्या दिवशी सर्वांसमोर निर्णय देते. अर्ज फेटाळल्यास तीन दिवसांत राज्याच्या निवडणूक समितीकडे दाद मागता येते आणि तिचा निर्णय ५२ व्या दिवसापर्यंत होतो.

पक्षातर्फे उभे राहणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी आणखी एक बदल समजून घ्यावा. श्ट्रोबेले यांच्या काळात मतदारसंघात पहिला आलेला उमेदवार थेट संसदेत जात असे. २०२३ च्या सुधारणेनंतर सभागृहाची संख्या ६३० वर बांधली गेली, आणि आता पक्षाच्या विजयी उमेदवाराला जागा मिळते ती त्या राज्यात पक्षाच्या यादीला मिळालेल्या दुसऱ्या मतांच्या प्रमाणात बसत असेल तरच. २०२५ मध्ये देशभरात २३ मतदारसंघांतील पहिल्या क्रमांकाचे उमेदवार या नियमामुळे संसदेबाहेर राहिले. अपक्षाला मात्र हा नियम लागू नाही. मतदारसंघात सर्वाधिक मते मिळाली की त्याची जागा पक्की होते.