कारखान्याचा गाळ उन्हात वाळवला की खत होतो?

नागपुरात गच्चीवर पालक-मेथी लावणाऱ्यांत एक समज फिरत असतो: कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ मे महिन्यात वाळवला की त्यातलं विष मरतं. आपलं ऊन कडक आहे, कबूल! पण उन्हाने मरतात ते जंतू. गाळातलं कॅडमियम, शिसं, क्रोमियम ही विषारी मूलद्रव्यं. ती ना सुकतात, ना कुजतात. उलट पाणी उडालं की किलोमागे त्यांचं प्रमाण वाढतं. पालक तर कॅडमियम पानांतच साठवतो, धुऊन ते जात नाही. शहरी कंपोस्टमध्ये कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या केंद्रीय नियमांनी सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ घातक कचऱ्यात धरलाय. डेअरीचा गाळ वेगळा, पण तोही तपासल्याशिवाय कुंडीत नको. रोप हिरवंगार दिसतं म्हणाल, तर गाळातल्या नत्र-स्फुरदाने ते दिसणारच.