गाडी पासिंगला लावताय? फिटनेस तपासणी, तिचा निकाल आणि गाड्या नेमक्या कशात अडकतात

ट्रक, टेम्पो, रिक्षा, टॅक्सी, स्कूल बस, पाण्याचा टँकर… धंद्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला आरसी आणि विम्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक कागद लागतो. सरकारी भाषेत त्याला योग्यता प्रमाणपत्र म्हणतात, आपण फिटनेस म्हणतो आणि ते काढण्याच्या कामाला पासिंग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे परिवहन संवर्गातल्या गाडीकडे वैध फिटनेस नसेल, तर तिची नोंदणीसुद्धा वैध धरली जात नाही. त्यामुळे पकडल्यावर कारवाईही विनानोंदणी गाडीसारखीच होते. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे, पुढच्या वेळी तो दहा हजारांपर्यंत जातो आणि कैदेचीही तरतूद आहे. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा अडवायला आयतंच कारण मिळतं. गाडीवर कर्ज असलेल्या मालकासाठी ही बाब दंडापेक्षा कितीतरी जड आहे.

किती वर्षांनी?

पूर्ण बांधणीची नवी गाडी शोरूममधून घेतली, तर नोंदणीच्या तारखेपासून पहिली दोन वर्षं फिटनेस आहे असंच धरतात. नुसती चेसिस घेऊन बाहेर हौदा किंवा बॉडी बांधली असेल, तर मात्र नोंदणीच्या वेळीच तपासणी होते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ६२ मध्ये बदल झाला, तेव्हापासून ही पद्धत आहे. त्याआधी नव्या गाडीची दोन वर्षं संपली की दर वर्षी जावं लागायचं, म्हणून जुन्या मालकांच्या डोक्यात अजून तोच हिशोब असतो. आपल्या प्रमाणपत्रावर छापलेली तारीख बघा, तीच खरी.

मुदत संपायच्या महिनाभर आधी तयारीला लागा. शाळा उघडायच्या आधी स्कूल बसची आणि साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रकची गर्दी असते. त्या दिवसांत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो आणि गाडी नापास झाली तर दुरुस्तीसाठी हातात दिवस उरत नाहीत. मुदत उलटल्यावर दिवसाला पन्नास रुपये जादा आकारण्याची तरतूद केंद्रीय नियम ८१ मध्ये आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात तिची वसुली सुरू झाली, तेव्हा रिक्षा-टॅक्सीचालकांनी आंदोलन केलं आणि त्या वर्षी जुलैत सरकारने तिला स्थगिती दिली. स्थगितीच्या भरवशावर गाडी उभी ठेवू नका. पन्नास रुपयांपेक्षा रोजचं बुडणारं भाडं मोठं असतं.

अर्ज आणि कागद

अर्ज परिवहन संकेतस्थळाच्या वाहन विभागातून ऑनलाइन करायचा. गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले, की आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. बहुतेकांची गाडी इथेच पहिल्यांदा अडते, कारण आरसीला जोडलेला नंबर एजंटचा किंवा जुन्या मालकाचा निघतो. आधी तो बदलून घ्या. फी गाडीच्या प्रकारावर आणि वयावर ठरते. जुन्या गाडीला ती एकदम वर जाते, म्हणून अर्ज भरताना पोर्टल जो आकडा दाखवेल तोच धरा आणि ऑनलाइनच भरा. मग तारीख घ्यायची.

सोबत न्यायचे कागद म्हणजे आरसी, आधीचा फिटनेस, चालू विमा, चालू पीयूसी, कर भरल्याची पावती आणि गाडीला लागू असेल तर परमिट. आठ वर्षांपेक्षा जुन्या परिवहन गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, तो थकला असेल तर आधी भरा. वेगनियंत्रक, रिफ्लेक्टर टेप आणि प्रवासी गाडीत ट्रॅकिंगचं यंत्र, यांची बसवणाऱ्या मान्यताप्राप्त विक्रेत्याने दिलेली प्रमाणपत्रं ठेवा. थकीत ई-चलान असतील तर तीही मिटवून घ्या, नाहीतर अर्ज पुढे सरकेल याची खात्री नाही. विमा आणि पीयूसी पासिंगच्या दिवशी चालू असले पाहिजेत. चार दिवसांनी संपणारी पीयूसी असेल तर ती आधीच नवी काढा, शंभर-दोनशे रुपयांसाठी खेप वाया घालवू नका.

तपासणी कशी होते

दोन पद्धती आहेत. एकीत मोटार वाहन निरीक्षक गाडी स्वतः बघतो, चालवून घेतो आणि ब्रेक टेस्ट ट्रॅकवर ब्रेक तपासतो. या ट्रॅकबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेत कडक भूमिका घेतली होती आणि १ नोव्हेंबर २०१८ पासून २५० मीटरचा ट्रॅक नसलेल्या आरटीओंना पासिंग थांबवावं लागलं होतं. तेव्हा मालकांची मोठी ओढाताण झाली, तरी मला तो आदेश योग्यच वाटतो. ऑफिसच्या आवारात चार फूट गाडी पुढे-मागे करून ब्रेक कळत नाहीत.

दुसरी पद्धत स्वयंचलित चाचणी केंद्राची. त्यासाठीचे नियम केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये आणले. जिथे असं केंद्र सुरू झालं आहे, तिथे चाकं रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजतात. हेडलाइटचा झोत, धूर, हॉर्नचा आवाज, स्टिअरिंगच्या सांध्यांमधला प्ले म्हणजे ढिलेपणा, सगळं यंत्रावर येतं आणि निकाल थेट संगणकात जातो. ‘साहेब, बघा की जरा’ म्हणायला तिथे जागा नाही. त्यामुळे आजवर सहज पास होत आलेली गाडी या केंद्रावर पहिल्यांदा नापास होऊ शकते आणि त्यात केंद्राची चूक असतेच असं नाही.

कशात नापास होतात

ब्रेकपासून सुरुवात करतो. गाडी थांबते म्हणजे ब्रेक चांगले, असं ड्रायव्हर सांगतो आणि ते त्याच्या परीने खरंही असतं. पण एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकाला सारखा ब्रेक लागतो का, हे चालवताना सहज समजत नाही. एका बाजूचा लाइनर झिजलेला, दुसऱ्या ड्रमवर ग्रीस किंवा ऑइल आलेलं, एक स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ताण जुळवणारा भाग) सैल, असं असलं की रिकामी गाडी सरळ थांबते आणि भरलेली गाडी ओल्या रस्त्यावर एका बाजूला ओढते. रोलरवर हा फरक लगेच दिसतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना किंवा बोरघाटात किती अवजड गाड्यांचे ताबे सुटले, हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. म्हणून पासिंगच्या आधी गॅरेजवाल्याला नुसतं ‘ब्रेक टाइट कर’ म्हणू नका. चारही ड्रम उघडायला लावा, लाइनर जोडीने बदला, हवेच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून गळती बघा. इंजिन बंद करून गेजवरचा दाब किती टिकतो तेही बघा. हँडब्रेक तर कित्येक गाड्यांना नावापुरताच असतो. चाकाला दगड लावायची सवय झालेली असते, म्हणून तो दुरुस्त करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तपासणीत तो स्वतंत्र बघतात आणि तेवढ्यावरही गाडी परत जाते.

त्यानंतर स्टिअरिंग. किंगपिन, टायरॉडचे बॉल जॉइंट आणि गिअर बॉक्समधला प्ले वाढला की चाक वळायच्या आधी स्टिअरिंग बरंच फिरतं. इथे जुगाड करूच नका.

सर्वात जास्त गाड्या मात्र किरकोळ गोष्टींत जातात, आणि वाईट याचंच वाटतं, कारण खर्च शंभर-पाचशेचा असतो आणि दिवस पूर्ण जातो. एक ब्रेकलाइट बंद, इंडिकेटरची काच फुटलेली, नंबरप्लेटवरचा दिवा नाही, वायपरचं रबर तुटलेलं, आरसा तडकलेला, स्पीडोमीटर बंद. रिफ्लेक्टर टेपचे रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मळलेली, रंग मारताना झाकली गेलेली किंवा बाजारातली बिनमार्क्याची टेप चालत नाही. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेला ट्रक मागच्याला दिसणं बऱ्याचदा या टेपवरच असतं, तेव्हा ती स्वस्तातली लावू नका. म्युझिकल किंवा कर्णकर्कश हॉर्न, काचांवरची काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी गार्ड घरूनच काढून या.

टायरची खाच चारचाकी आणि त्यावरच्या गाड्यांना किमान १.६ मिलिमीटर, दोन-तीन चाकींना ०.८ मिलिमीटर हवी. मागच्या जोडचाकातला आतला टायर विसरू नका. बाहेरचा नवा आणि आतला गुळगुळीत, ही मालकांची आवडती काटकसर निरीक्षकाला चांगली ठाऊक असते.

वेगनियंत्रक ज्या गाड्यांना सक्तीचा आहे, तिथे साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. डंपर, टँकर, स्कूल बस आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना ६०. यंत्र बसवलेलं आहे पण वायर काढून ठेवली आहे, ही गोष्ट चाचणीत उघडी पडते. तीनचाकींना यातून सूट आहे, उगाच पैसे घालू नका.

बॉडीतले बदल हा वेगळाच त्रास आहे. हौद्याच्या फळ्या वाढवलेल्या, मागे लांबी काढलेली, बसमध्ये दोन आसनं जादा टाकलेली, बाजूचा किंवा मागचा संरक्षक गार्ड कापून टाकलेला. आरसीवर नोंद नसलेला बदल गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. एकतर मूळ रूपात आणा, नाहीतर आधी बदलाची रीतसर परवानगी घ्या. चेसिस नंबर गंजाने किंवा रंगाने झाकला असेल, तर डिझेल-फडक्याने हलक्या हाताने साफ करा. त्यावर पॉलिश पेपर घासाल तर नंबर पुसल्याचा संशय येईल आणि प्रकरण पासिंगच्या पलीकडे जाईल.

धुराच्या बाबतीत पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) डिझेल गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ५० हार्ट्रिज एककं आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. एअर फिल्टर आणि नोझल साफ केले की पुष्कळ फरक पडतो.

निकाल हातात आल्यावर

पास झाली तर नमुना ३८ मधलं प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं. मुदतीची तारीख, एकूण वजन आणि आसनसंख्या पोर्टलवर बरोबर आली आहे का, हे त्याच दिवशी बघा.

नापास झाली तर कारणं लेखी द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे, हे कलम ५६ मध्येच लिहिलं आहे. नुसतं तोंडी ‘फेल आहे, करून आणा’ ऐकून बाहेर पडू नका. बाबनिहाय कागद घ्या, तोच मेकॅनिकच्या हातात द्या आणि प्रत्येक कामाचं बिल जपून ठेवा. दुरुस्तीनंतर फेरतपासणीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत आणि फी भरून करावा लागतो. पुढे काय करायचं ते त्याच केंद्रावर विचारून घ्या. दरम्यान जुना फिटनेस संपला असेल तर भाड्याची एकही खेप मारू नका, ‘पासिंगलाच चाललोय’ हे उत्तर भरलेल्या गाडीत टिकत नाही.

निकाल चुकीचा वाटत असेल, तर कलम ५७ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपिलात राग मांडण्याऐवजी मुद्दा मांडा. कोणत्या बाबीत नापास केलं, त्या भागाचं काम कधी आणि कुठे झालं, मान्यताप्राप्त विक्रेत्याचं प्रमाणपत्र कोणतं, फोटो कोणत्या तारखेचे. आदेशाची प्रत जोडलेली नसेल तर अपील पहिल्याच पायरीवर अडकतं, म्हणून लेखी कारणांचा तो कागद घेतल्याशिवाय आवारातून निघू नका.