प्रथिनाची घडी कधी उलगडते?

नाशिक जिल्ह्यात वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात आटोपते आणि त्यापाठोपाठ उन्हाळा तापू लागतो. सोव्हिन्यो ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातींपासून केलेली नितळ वाइन तापलेल्या गोदामात किंवा ट्रकमध्ये राहिली, तर तिच्यात पांढुरका गढूळपणा येऊ शकतो. तो जंतूंमुळे आलेला नसतो आणि आरोग्याला अपायकारकही नसतो, परंतु गढूळ दिसणारी बाटली ग्राहक घेत नाही. त्याचे मुख्य कारण म्हणजे द्राक्षाच्या मण्यातील दोन प्रकारची प्रथिने: कायटिनेज आणि थॉमॅटिनसदृश प्रथिने. ही वेलीच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग आहेत. भुरीसारख्या रोगाच्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते आणि कायटिनेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करते. मण्यांत पाणी उतरू लागले, म्हणजे ते मऊ व गोड होऊ लागले, की ही प्रथिने साठू लागतात आणि मणी पिकेपर्यंत त्यांचे प्रमाण वाढत जाते.

रस आंबवला जात असताना त्यातील बहुतेक इतर प्रथिने नाहीशी होतात, ही दोन मात्र टिकून राहतात. वाइनची आम्लता त्यांना मोडत नाही आणि प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांचाही त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण अमिनो आम्लांच्या लांब साखळीने घातलेली त्यांची घडी फार घट्ट असते. थॉमॅटिनसदृश प्रथिनाच्या साखळीत तर गंधकाच्या अणूंनी बांधलेले आठ दुवे असतात. उष्णतेने ही घडी उलगडली, की आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात, शेजारच्या रेणूंना चिकटतात आणि प्रकाश विखुरण्याइतके मोठे पुंजके तयार होतात. अंड्याचा पांढरा बलक शिजताना अपारदर्शक होतो, तो याच प्रकारच्या घडामोडीमुळे. वाइनच्या बाबतीत प्रश्न असा असतो, की कोणते प्रथिन कोणत्या तापमानाला, कोणाच्या सान्निध्यात आणि किती वेळात उलगडते. माझ्या मते प्रथिनांच्या अभ्यासातील अलीकडच्या पद्धतींचे खरे महत्त्व येथेच आहे. प्रथिनाचा आकार कळणे आवश्यक आहे, परंतु ते त्याच्या नैसर्गिक परिसरात कसे वागते हे कळल्याशिवाय ज्ञान अर्धेच राहते.

नाशिकच्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान शिकणारे विद्यार्थी प्रथिनांचा पहिला परिचय करून घेतात तो बहुधा जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर. १९७० मध्ये लॅम्ली यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रथिनांचे मिश्रण एसडीएस नावाच्या अपमार्जकासोबत (डिटर्जंटसोबत) उकळतात, विद्युत प्रवाहाने जेलमधून ओढतात आणि निळ्या रंगाने रंगवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात, आणि पट्ट्यांवरून प्रत्येकाच्या रेणुभाराचा अंदाज येतो. ही पद्धत स्वस्त आणि विश्वसनीय आहे व तिची जागा अजून कोणी घेतलेली नाही. मात्र तिची पहिलीच पायरी प्रथिनाची घडी पूर्णपणे मोडणारी असल्यामुळे घडीविषयीचा कोणताही प्रश्न तिला विचारता येत नाही.

घडी पाहण्याचा जुना मार्ग स्फटिकांचा होता. १९५८ मध्ये जॉन केंड्र्यू यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधून काढली, तेव्हापासून हजारो प्रथिनांच्या रचना याच मार्गाने कळल्या. तथापि प्रत्येक प्रथिनाचे स्फटिक होतेच असे नाही, आणि होण्यास किती काळ लागेल हेही सांगता येत नाही. लासलगावच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात त्या कांद्याचेच उदाहरण पाहा. कांदा चिरल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करणारे स्वतंत्र एन्झाइम असते, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध व्हायला मात्र २०१७ साल उजाडले. त्याच वर्षी ज्या तंत्राला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते स्फटिकाची अटच काढून टाकते. जॅक दुबोशे, जोआकिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांनी विकसित केलेल्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात प्रथिनांचे द्रावण द्रवरूप इथेनमध्ये इतक्या वेगाने गोठवतात, की पाण्याचे बर्फाचे स्फटिक बनत नाहीत आणि रेणू ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत थिजतात. लाखो रेणूंच्या अस्पष्ट प्रतिमा एकत्र जुळवून संगणक त्रिमितीय रचना उभी करतो.

पुढे संगणकानेच मोठी झेप घेतली. अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली २०२० मधील रचना-भाकिताच्या स्पर्धेत इतर सर्व पद्धतींच्या पुष्कळ पुढे गेली. २०२२ पर्यंत तिने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या संभाव्य रचना खुल्या केल्या, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग ती विकसित करणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाला. हे यश अस्सल आहे. परंतु वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात थेट मिळत नाही. एकाच द्राक्षातील थॉमॅटिनसदृश प्रथिनांचे प्रकार आकाराने जवळजवळ सारखे असतात. २०१४ मध्ये त्यांच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसून आले, की त्यांतील फरक मुख्यतः एका छोट्या वळशापुरता आहे, आणि तरीही त्यांची उष्णता सोसण्याची क्षमता काही अंशांनी भिन्न आहे.

ही क्षमता मोजण्यासाठी पूर्वी एकेक प्रथिन शुद्ध करून उष्मामापकात तापवावे लागे. अशा मोजणीतून कायटिनेज सुमारे ५५ अंश सेल्सिअसला, तर थॉमॅटिनसदृश प्रथिने ६० अंशांच्या थोडे पुढे उलगडतात, असे आढळले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की थंड केल्यावर थॉमॅटिनसदृश प्रथिनांची घडी बऱ्याच अंशी परत बसते, कायटिनेजची बसत नाही. कमी तापमानालाही उलगडणे चालूच असते. फक्त त्याचा वेग मंद असतो आणि तो तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढतो. उन्हाळ्यातील काही दिवस हिवाळ्यातील अनेक महिन्यांना भारी पडतात, याचे कारण हे आहे.

आता हीच मोजणी हजारो प्रथिनांवर एकाच वेळी करता येते. २०१३ मध्ये स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी पेशीच तापवून पाहिल्या: जे प्रथिन उलगडते ते साक्यासारखे तळाशी बसते, जे टिकते ते द्रावणात राहते, आणि औषधाचा रेणू एखाद्या प्रथिनाला बांधला गेला असेल तर ते अधिक तापमानापर्यंत तग धरते. पुढच्याच वर्षी या कल्पनेला मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राची जोड मिळाली. नमुन्याचे भाग वेगवेगळ्या तापमानांना तापवायचे, साका वेगळा काढायचा, द्रावणातील प्रथिनांचे ट्रिप्सिन या एन्झाइमने ठरावीक जागी तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून कोणते प्रथिन किती उरले हे ओळखायचे. २०२० मध्ये जिवाणूंपासून माणसापर्यंत १३ प्रजातींतील सुमारे ४८,००० प्रथिनांची अशी नोंद प्रसिद्ध झाली. प्रथिन बाहेर काढून एकटे न पाडता त्याच्या सोबत्यांमध्येच त्याची परीक्षा होते, हा या पद्धतीचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सोबती कोण हे शोधण्याची वेगळी युक्तीही उपलब्ध झाली आहे. टर्बोआयडी हे २०१८ मध्ये जाहीर झालेले एन्झाइम हव्या त्या प्रथिनाला जोडले, की ते आसपासच्या प्रथिनांवर बायोटिन या छोट्या रेणूची खूण सुमारे दहा मिनिटांत उमटवते. ते वनस्पतींच्या पेशींतही काम करते.

मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. डीएनएच्या असंख्य प्रती प्रयोगशाळेत सहज काढता येतात, प्रथिनांच्या तशा काढता येत नाहीत. त्यामुळे मुबलक प्रथिनांच्या गर्दीत अल्प प्रमाणातील प्रथिन हरवून जाते. नॅनोछिद्रातून एकेक रेणू ओढून त्याचा क्रम वाचण्याचे प्रयत्न याच अडचणीवर चालू आहेत, पण ते अजून बाल्यावस्थेत आहेत.

वायनरीत आज गढूळपणावर उपाय म्हणून बेंटोनाइट ही माती वापरतात. वाइनच्या आम्लतेत प्रथिनांवर धनभार आणि या मातीवर ऋणभार असल्याने प्रथिने तिला चिकटून तळाशी जातात, परंतु गाळात वाइनचाही काही भाग अडकतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घडीच्या अभ्यासातून दुसरा मार्ग काढला: रस ७५ अंशांपर्यंत सुमारे एक मिनिट तापवायचा, म्हणजे प्रथिने उलगडतात, आणि अॅस्परजिलस बुरशीपासून मिळणारे, आम्लात काम करणारे एन्झाइम त्यांचे तुकडे करू शकते. नाशिकच्या द्राक्षांसाठी किती तापमान आणि किती वेळ पुरेल, हे परदेशी आकडे उसने घेऊन ठरवणे मला योग्य वाटत नाही. जात, पाणी, भुरीचा प्रादुर्भाव आणि तोडणीची वेळ यांनुसार प्रथिनांचे प्रमाण बदलते. पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि आयआयटी मुंबईतील मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. अशा अभ्यासासाठी नमुने मण्यांत पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंत ठरावीक अंतराने घ्यावे लागतील, आणि ते बागेतच गोठवावे लागतील, कारण मणी फुटल्याबरोबर त्यातील एन्झाइमे आपल्याच शेजाऱ्यांवर काम करू लागतात.