आंदळकर, गणपतराव

(१५ एप्रिल १९३५ – १६ सप्टेंबर २०१८). कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे मल्ल आणि पुढे तिथलेच वस्ताद. १९६० चे हिंदकेसरी (देशपातळीवरचा कुस्तीचा किताब), १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सगळ्यात वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य, १९६४ ला टोकियो ऑलिंपिक. गाव पुनवत, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. म्हणजे जन्माने वारणा खोऱ्यातले, पण कोल्हापूर त्यांना आपलाच पैलवान म्हणतं आणि ते बरोबरच आहे, कारण पैलवान ज्या मातीत घडतो त्या मातीचा असतो.

कोल्हापुरात आले साधारण १९५० च्या सुमारास. तो काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यांची कारकीर्द नीट कळत नाही. शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, १९१२ ला खासबागचं मैदान उभं राहिलं, उत्तरेतले नावाजलेले मल्ल इथे येऊन राहिले, पण १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि दरबारचा आधार संपला. आंदळकरांची पिढी त्यानंतरची, म्हणजे तिकिटाच्या मैदानावर, गावोगावच्या जत्रांवर आणि इनामाच्या रकमेवर खुराक चालवणारी. त्या अर्थाने ते व्यावसायिक मल्लच. मात्र दारासिंग-किंगकाँगच्या करमणुकीच्या दंगलींना त्या वेळी लोक ‘फ्रीस्टाइल’ म्हणायचे, त्याच्याशी ह्याची गल्लत करू नये. ऑलिंपिकमधलं फ्रीस्टाइल वेगळं, ते गादीवरचं आणि गुणांवरचं, आणि खासबागेतली निकाली कुस्ती तर त्या दोन्हीहून वेगळी, तिथे समोरच्याला चीत केल्याशिवाय निकाल नाही.

हिंदकेसरी किताबाचा क्रम मात्र दोन प्रकारे दिला जातो. काही याद्या १९५८ पासून सुरू होतात, तर महाराष्ट्रात पहिला मान १९५९ च्या श्रीपती खंचनाळेंना दिला जातो. कुठलीही यादी धरली तरी आंदळकरांचं साल १९६० च येतं, आणि खंचनाळेंच्या पाठोपाठ लगेच ते, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं किताब ह्याच भागातल्या मल्लांकडे होता.

आता वजनगटाचा मुद्दा, ह्यावर सगळ्यात जास्त घोळ आहे. आंदळकरांना कुणी ‘हेवीवेट’ लिहितं, कुणी ‘सुपर हेवीवेट’. आपल्याकडच्या जुन्या कुस्तीत वजन काट्यावर बघायची पद्धतच नव्हती, अंगलट आणि नावलौकिक बघून जोड ठरायची. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत सगळ्यात वरचा गट ८७ किलोच्या पुढचा होता, १९६२ पासून तो ९७ च्या पुढचा झाला आणि त्याचं नाव होतं हेवीवेट. ‘सुपर हेवीवेट’ हे नाव रूढ झालं १९६९ च्या फेररचनेनंतर, तेव्हा १०० किलोपर्यंतचा हेवीवेट आणि त्याच्या वरचा सुपर हेवीवेट असे दोन भाग पडले. म्हणजे कागदोपत्री आंदळकर हेवीवेटच, पण त्यांच्या गटाला वरची मर्यादा नव्हती, समोर कितीही वजनाचा मल्ल येऊ शकायचा, त्यामुळे आजच्या भाषेत सुपर हेवीवेट म्हणणं जास्त योग्य वाटतं. वरची मर्यादा आली ती १९८५ ला, १३० किलोची, पुढे २००२ ला १२० आणि २०१४ पासून फ्रीस्टाइलला १२५. आपल्या महाराष्ट्र केसरीच्या गटाची मर्यादाही आता १२५ किलोच आहे.

जकार्ताचं सुवर्ण कशातलं हे नीट सांगायला हवं कारण बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘आशियाई सुवर्ण’ एवढंच लिहून सोडून देतात. ते ग्रीको-रोमनमधलं आहे, आणि ह्या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही, पायाने टांग मारता येत नाही, पट काढणं, एकलंगी असे पाय धरून पाडायचे डावही चालत नाहीत. म्हणजे तालमीत लहानपणापासून घोटून घेतलेले निम्मे डाव बाहेरच ठेवून आखाड्यात उतरायचं. लाल मातीतला माणूस तिथे सुवर्ण घेऊन येतो ह्याचं नवल वाटतं खरं. एक मत असं की आशियात तेव्हा ग्रीको-रोमन नवीन होतं म्हणून स्पर्धा कमी होती, आणि ते अगदीच खोटं नाही, आशियाई स्पर्धेत हा प्रकार पहिल्यांदा आला तोच १९६२ ला. पण मग आंदळकर ह्या गटातले आशियाचे पहिलेच ग्रीको-रोमन विजेते ठरतात हेही त्याच वाक्यात लिहायला पाहिजे. शिवाय गर्दनखेच, खडाखडी, छातीला छाती लावून समोरच्याचा कस काढणं, धोबीपछाड, हे सगळं मातीतलंच आणि कमरेच्या वरचंच, त्यामुळे तालमीची मेहनत तिथे वाया गेली नाही हे दुसरं मत जास्त पटतं.

ह्याच स्पर्धेत सांगलीच्याच कवठेपिरानच्या मारुती मानेंनी ९७ किलोत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेतलं. आंदळकरांच्या बरोबर उलट. एका जिल्ह्यातले दोघं, वरचे दोन गट, चार पदकं. खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिंपिक कांस्य ५७ किलोतलं, म्हणजे दहा वर्षांत ह्या भागाने हलक्या गटापासून सगळ्यात जड गटापर्यंत पदकं आणली, आणि ही गोष्ट जेवढी सांगितली जायला पाहिजे तेवढी सांगितली जात नाही.

टोकियोला ते फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन दोन्हीत उतरले, पदक नाही मिळालं. त्या गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण सोव्हिएतच्या इवानित्स्कीने नेलं, ग्रीको-रोमनचं हंगेरीच्या कोझ्माने.

अर्जुन पुरस्काराचं साल मराठीत बहुतेक ठिकाणी १९६४ छापलेलं दिसतं, पुरस्कारांच्या यादीत मात्र नाव १९६३ खाली आहे. पुरस्कार एका वर्षासाठी जाहीर होतो आणि हातात पुढच्या वर्षी पडतो, त्यातून हा फरक पडला असावा, १९६३ धरावं.

नंतरचं आयुष्य मोतीबागेतच, वस्ताद म्हणून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मल्लांत दादू चौगुलेंचं नाव पहिलं घ्यावं लागतं: राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे, १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. दादूंचा मुलगा विनोद चौगुले हासुद्धा पुढे हिंदकेसरी झाला.

आंदळकर वस्ताद १६ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात वारले, वय ८३. दादू चौगुलेंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो त्याच महिन्यात.